पुंजाजी जंतू पाळतात

पुंजाजी खंडारे यांनी तीस-एक वर्षं अकोल्याजवळच्या एका पाणीपुरवठा योजनेवर जंतू मारले. पगारच त्याचा होता. नदीचं गढूळ पाणी यायचं, त्यात तुरटी पडायची, गाळ खाली बसायचा, पाणी रेतीतून गळायचं आणि सगळ्यात शेवटी पुंजाजी त्यात क्लोरीन सोडायचे. आधीची कामं कुणीही करावीत, शेवटचा वार मात्र त्यांचा. त्यांच्या सदऱ्याला, टॉवेलला आणि बायको इंदूबाई म्हणायच्या तसं त्यांच्या रागालासुद्धा टीसीएलचा वास यायचा. टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर. पाण्याच्या कामावरची माणसं तिला घरातल्या पोरीसारखं छोट्या नावानं बोलावतात.

रिटायर झाले तरी खिशातली ओटीची, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाची, बाटली काही गेली नाही. पाण्यात तिचे थोडे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे, प्यायला हरकत नाही. रंग आलाच नाही, तर पुंजाजी त्या घरच्या यजमानाकडे असं पाहायचे की जणू त्यानं वरणात माती कालवली. लग्न असो, बारसं असो, कुणाची मयत असो, थेंब पडायचेच. एकुलत्या एक मुलीसाठी, भावनासाठी, मूर्तिजापूरला मुलाचं घर पाहायला गेले, तेव्हा पोहे यायच्या आधी त्यांनी समोरच्या ग्लासात थेंब टाकले.

"झिरो हाय तुमचं पाणी," ते मुलाच्या बापाला म्हणाले.

सोयरीक तिथंच आटोपली. भावना घरी येऊन चिडली, पण जेवण दोन पोळ्या जास्त गेलं. मुलगा तिला तरी कुठं आवडला होता.

ती आता अमरावतीच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. तिशी ओलांडलेली, स्वतःच्या पायावर उभी, आणि लग्नाचा विषय निघाला की चष्मा पुसायला घेणारी. तिनं अमरावतीत फ्लॅट घेतला. संक्रांतीला ताबा मिळणार होता. इंदूबाईंचे गुडघे गेलेले, अकोल्यात नळ चार-पाच दिवसांनी यायचा, ड्रम भरून भरून त्यांची कंबर दुमडली होती. भावना फोनवर म्हणाली, "आई, तू ये माझ्याकडे राहायला. बाबांचं पाहू."

या 'पाहू'त पुंजाजी अडकले होते. त्यांना जायचं होतं. अकोल्यात एकटं राहायची कल्पनासुद्धा त्यांना सहन होत नव्हती. पण हे तोंडानं बोलायचं म्हणजे तीस वर्षांचा रुबाब घालवायचा. म्हणून ते नुसतंच विचारत, "पाहू म्हंजे काय पाहू?"

भावनाचं कारण मजबूत होतं. मागं ती भाड्यानं राहायची, तेव्हा पुंजाजी तिच्याकडे पाहुणे म्हणून गेले होते. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्यांनी तपासलं. झिरो. मग कुणाला न विचारता टीसीएल घातली, आणि गावाच्या टाकीचा हिशेब सोसायटीच्या टाकीला लावला. खालच्या मजल्यावरच्या सेक्रेटरी संध्या मॅडमचा निळा ड्रेस धुण्यातून धोतरासारखा पांढरा निघाला. पोरांचे डोळे लाल झाले. सोसायटीची मीटिंग भरली आणि या प्रकाराची चौकशी करायला जाणकार म्हणून कुणाला बसवलं, तर पुंजाजींना. चार दिवस त्यांनी अत्यंत गंभीरपणे चौकशी केली. संशय टँकरवाल्यावर घेतला. पाचव्या दिवशी भावनानं त्यांचा सदरा धुवायला घेतला आणि वासावरून आरोपी सापडला.

"तुम्ही वाईट नाही, बाबा," ती तेव्हा म्हणाली होती. "तुम्हाले फक्त काही चालू असलं की त्यात हात घातल्याशिवाय जमत नाही."

दिवाळीनंतर ती अकोल्याला आली ती काचेची एक टाकी घेऊन. तिला फ्लॅटमध्ये समुद्र हवा होता. साधे मासे नाहीत, खाऱ्या पाण्याचे. पुढंमागं प्रवाळ वाढतील अशी टाकी. अशी टाकी मुरायला वेळ लागतो, आणि फ्लॅटमध्ये तर अजून रंगारी चढलेले. तोवर ती वडिलांच्या हॉलमध्ये राहणार होती. मुंबईच्या कुणा हौशी माणसाच्या टाकीत काही वर्षं मुरलेले दगड थर्माकोलच्या खोक्यात, ओल्या कागदात गुंडाळून आले होते. भावनानं आरओच्या पाण्यात पाकिटातलं समुद्री मीठ कालवलं, तळाशी वाळू पसरली, दगड एकमेकांवर रचले, पाणी फिरवायला एक छोटी मोटर लावली आणि उबेसाठी हीटर सोडला. एक्स्टेंशन बोर्ड टाकीच्या खालीच ठेवला होता, तो इंदूबाईंनी उचलून स्टुलावर ठेवला आणि वर म्हणाल्या, "शिकलेली पोरगी, पाण्याखाली करंट ठेवते."

पुंजाजी टाकीभोवती फिरून आले. "फिल्टर कुठं हाय?"

"हाच."

"कोणता?"

"हे दगड."

पुंजाजींनी इंदूबाईंकडे पाहिलं. इंदूबाईंनी पंख्याकडे पाहिलं.

मग भावनानं पिशवीतून एक झिंगा काढला. मच्छी बाजारातून आणलेला, चांगला बोटाएवढा. तो तिनं टाकीत सोडला. झिंगा वाळूवर जाऊन आडवा झाला.

"मेलेला दिसते," इंदूबाई म्हणाल्या.

"मेलेलाच आहे. सडू द्यायचा."

"पाण्यात?"

"पाण्यातच. तो सडला की अमोनिया होतो. विष. दगडांच्या भोकाभोकात एक प्रकारचे जंतू राहतात, ते अमोनिया खातात अन् त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसरे जंतू ते खातात, त्याचं नायट्रेट होतं. ते बरंच सौम्य असतं. त्यातलं काही पुढं शेवाळ खाईल, काही दगडाच्या पार आत, जिथं हवा पोचत नाही, तिथले जंतू संपवतात. ही सगळी रांग बसली की मग मासा आणायचा. त्याच्या आधी मासा टाकला तर तो मरतो."

"अन् हे जंतू आणायचे कुठून?" पुंजाजींचा आवाज खाली गेला होता.

"दगडातच आले मुंबईवरून."

"बिनतिकीट," इंदूबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

पुंजाजी सोफ्यावर बसले. ज्यांना त्यांनी आयुष्यभर गावाच्या वेशीवर अडवलं, ते ओल्या कागदात गुंडाळून हॉलमध्ये येऊन बसले होते आणि पोटच्या पोरीनं त्यांच्यासाठी जेवणही आणलं होतं.

भावना त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसली. वर्गातल्या मागच्या बाकासाठी ती राखून ठेवते तसं हे बोलणं होतं. "बाबा, संक्रांतीपर्यंत ही टाकी तुमच्याकडे. पाणी उडून कमी झालं की या खुणेपर्यंत साधं आरओचं पाणी घालायचं. मीठ नाही घालायचं, मीठ उडत नाही, ते मागंच राहतं. पाणी दुधासारखं होईल, वास येईल, वाळूवर तपकिरी राख साचल्यासारखी दिसेल. सगळं होऊ द्यायचं. हात घालायचा नाही."

"अन् घातला तं?"

"तर आई येईल अमरावतीला, तुम्ही इथंच राहाल. नाही घातला, तर दोघंही या. इतकी साधी गोष्ट आहे."

"बापाची परीक्षा घेऊन राहिली का तू?"

"हो," भावना म्हणाली. ती खोटं बोलत नाही, हा तिचा मोठा दोष आहे.

पहिले काही दिवस बरे गेले. पुंजाजी सकाळी चष्मा लावून टाकीसमोर बसायचे. भावनानं तपासणीच्या बाटल्या ठेवल्या होत्या. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग पाहायचा. थेंब आणि रंग म्हटल्यावर त्यांना माहेरी आल्यासारखं वाटलं. इथंही पिवळा रंग चांगलाच होता, फक्त इथं त्याचा अर्थ अमोनिया नाही असा होता. झिंगा फुगत गेला, तसा नळीतला पिवळा हिरवट व्हायला लागला.

एक दिवस त्यांना एका दगडाच्या कपारीत जोंधळ्याच्या दाण्याएवढी नळी दिसली. ते पाहत असतानाच तिच्या तोंडातून एक तुरा बाहेर आला. बारीक, पांढरा-तांबूस, पाण्यात हलणारा. पुंजाजींनी काचेवर बोट नेलं. सावली पडली तसा तुरा सटकन आत. बोट काढलं, थोड्या वेळानं तुरा बाहेर. पुन्हा बोट, पुन्हा आत. हा खेळ त्यांनी दुपारच्या जेवणापर्यंत चालवला.

"इंदू, हे पाह्य, लाजते."

"तुमचं तोंड पाहून कोणीही आत जाईन," इंदूबाई म्हणाल्या.

भावनाला त्यांनी फोन केला. "थो तुरा कशाचा हाय?"

"किडा आहे, बाबा. दगडासोबत आला असेल. त्या तुऱ्यानं तो पाण्यातलं बारीकसारीक गाळून खातो."

"म्हंजे आमच्याच डिपार्टमेंटचा," पुंजाजी खूश होऊन म्हणाले.

मग पाणी बिघडलं. बिघडलं म्हणजे भावनानं सांगितलं होतं तसंच झालं. पण सांगितलेलं ऐकणं वेगळं आणि सकाळी उठून हॉलमध्ये ताकाची टाकी पाहणं वेगळं. दगड दिसेनात. झाकण उघडलं की असा वास, की अगरबत्तीनंही हात टेकले. शेजारचे वामनराव, शेतकी खात्यातून रिटायर झालेले, रोज चहाला यायचे. त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"पुंजाजी, समुद्राले भरती आली वाटते."

"मुरून राहिलं थे."

"मुरते थे लोणचं. हे सडून राहिलं." वामनरावांनी बिस्कीट चहात बुडवलं. "तीस वर्षं आमाले पाणी पाजलं तुमी. तुमच्या घरात असं पाणी म्हंजे लोकं काय म्हणतीन? आमाले तं शंकाच येऊन राहिली, आमी काय पेलो म्हणून."

पुंजाजी हसले, पण ते बोलणं त्यांना लागलं. रोज थोडं थोडं लागत गेलं. वामनराव कधी विचारायचे, मच्छी केव्हा बसवता. कधी म्हणायचे, तुमच्या हॉलमध्ये डासायनं अर्ज केला काय. इंदूबाईंनी पाहुण्यांना स्वयंपाकघरातच बसवायला सुरुवात केली. वाळूवर तपकिरी थर चढला. नळीतलं पाणी आता गर्द हिरवं यायचं, आणि पुंजाजी ती नळी उजेडात धरून उभे राहायचे, जसं कुणी आपल्याच घरच्या माणसाचा वाईट रिपोर्ट धरून उभं राहतं.

आणि एका दुपारी त्यांनी तेच केलं जे करू नये म्हणून रोज सकाळी स्वतःला बजावत होते. टाकीतलं पाणी चमचाभर काढलं आणि खिशातल्या ओटीचे थेंब टाकले.

रंग आला नाही. येणार कुठून.

झिरो. त्यांच्या स्वतःच्या हॉलमध्ये.

इंदूबाई आत आडव्या झाल्या होत्या. पुंजाजी मागच्या खोलीत गेले. टीसीएलचा एक डबा अजून होता. घरात असावा म्हणून, जशी इतरांच्या घरात हळद असते. भावनाची अट त्यांना आठवत होती, अक्षर न् अक्षर. पण माणूस स्वतःशी बोलायला लागला की वकील चांगला मिळतो. हात घालायचा नाही म्हणाली. हात कुठं घालतो, चमच्यानं घालू. गावाच्या हिशेबानं घालणार नाही, त्याच्या अर्ध्यानं, त्याच्याही अर्ध्यानं. थोडे जंतू मेले तर बाकीच्यांना जागाच होईल. वाटीत पावडर कालवली, वरची निवळ घेतली आणि टाकीत सोडली. मग पुन्हा ओटी केली.

पिवळं. साजूक तुपासारखं पिवळं.

किती दिवसांनी त्यांच्या जिवाला बरं वाटलं. ते सोफ्यावर आडवे झाले आणि घोरायला लागले.

जाग आली तेव्हा उन्हं खिडकीतून उतरली होती. पाणी कालच्यापेक्षा स्वच्छ वाटत होतं. आतलं सगळं दिसत होतं. पुंजाजी समाधानानं जवळ गेले आणि सवयीनं कपारीत पाहिलं. नळी होती. तुरा नव्हता. त्यांनी सावली पडू नये म्हणून मान बाजूला घेतली, वाट पाहिली. मग त्यांना तो दिसला. तुरा खाली वाळूवर पडला होता, नळीपासून सुटलेला, आणि मोटरच्या प्रवाहात कचऱ्यासारखा इकडून तिकडे सरकत होता.

पुंजाजी तसेच वाकून राहिले. तीस वर्षांत त्यांनी जे मारलं ते त्यांना कधी दिसलं नव्हतं. कागदावर असायचं: मारले, शून्य राहिले, सही. मेल्यावर ते कसं दिसतं, हे पाहायची पाळी आज पहिल्यांदा आली.

इंदूबाई चहा घेऊन आल्या, तर नवरा टाकीसमोर जमिनीवर बसलेला. त्यांनी वास घेतला. या वासासोबत त्यांनी संसार केला होता. विचारायची गरज नव्हती.

"घातली?"

"घातली."

इंदूबाई सोफ्याच्या कडेला बसल्या. अमरावतीचा फ्लॅट त्यांच्या डोळ्यासमोर होता, लिफ्ट, चोवीस तास पाणी, आणि त्यात एकटंच बसलेलं स्वतःचं ध्यान. "आता सांगू नोका तिले," त्या म्हणाल्या. "पाणी साफ दिसून राहिलं. संक्रांतीपर्यंत कोणाले कळते?"

खरंच कळलं नसतं कदाचित. झिंगा नवा आणता आला असता. किडा काय, आला तसा गेला म्हणता आलं असतं. पुंजाजींनी या सगळ्याचा विचार केला, आणि चौकशी समितीत चार दिवस बसलेल्या माणसाला असा विचार करायला फार वेळ लागत नाही. पण टाकीत अजून पिवळं होतं, आणि दगडांच्या आत कुणीतरी अजून मरत होतं. ते थांबवायचं कसं हे त्यांना ठाऊक नव्हतं. टाकायचं किती हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. काढायचं कसं, हे आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं.

त्यांनी फोन लावला. भावना स्टाफरूममध्ये होती.

"टाकली मी टीसीएल. आता काय करू थे सांग, रागव मंग."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तिनं विचारलं, "किती?"

"चिमूटभर."

"बाबा."

"दोन चमचे. लहान. थे निवळ होती वरची."

"दगड बाहेर काढू नका. मोटर चालू राहू द्या. शोभेच्या माशांच्या दुकानात जा, अँटिक्लोरचे खडे म्हणा, त्यानं क्लोरीन मरतं, ते देतील. टाकीचा आकार सांगा अन् ते सांगतील तेवढेच घाला. मग बाल्कनीत मी मिठाचं पाणी झाकून ठेवलंय ना, जुनं थोडं काढून ते थोडं थोडं सोडा. ओटी करत राहा. रंग गेला की मला फोन करा."

पुंजाजी स्लिपरवरच निघाले, खडे आणले आणि मोजून टाकीत घातले. आयुष्यात पहिल्यांदा ते पिवळा रंग जायची वाट पाहत बसले होते. इंदूबाई बादली धरून उभ्या. दर थोड्या वेळानं थेंब पडायचे आणि दोघंही चमच्यात डोकावायचे. रंग फिका होत होत गेला, आणि शेवटी पाणी पाण्यासारखं दिसलं.

"झिरो," पुंजाजी म्हणाले. असं सुटल्यासारखं ते हा शब्द कधी बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं भावना आली. चप्पल काढता काढता तिनं टाकीकडे पाहिलं. पाणी काढलं, नळ्या भरल्या, रंग ताडून पाहिले. पुंजाजी मागं उभे, निकालाच्या दिवशी दारात उभ्या राहिलेल्या बापासारखे. फरक एवढाच की नापास होणारे तेच होते.

"बरेचसे मेले असतील," ती म्हणाली. "पार आतले वाचले असतील थोडे. जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात."

"अन् थो?" पुंजाजींनी कपारीकडे बोट दाखवलं.

भावनानं मोबाइलचा टॉर्च धरला. "हे किडे घाबरले की तुरा टाकून देतात. नळीत जीव असला तर नवा फुटतो. नसला तर नाही. आत्ता सांगता येत नाही."

इंदूबाईंनी उपमा आणला. तो खाईपर्यंत कुणी विषय काढला नाही. मग पुंजाजीच म्हणाले, "मी हरलो म्हन. मंग इंदूची बॅग भरू दे."

"हो, आई येईल संक्रांतीला." भावनानं बशी खाली ठेवली. "तुमचं असं आहे की सोसायटीत तुम्ही चार दिवस टँकरवाल्याच्या मागं लागला होता. काल चहा निवायच्या आत फोन केला."

"म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही टाकीसोबत या. ती जेव्हा तयार होईल तेव्हा. तिच्याआधी नाही, अन् तिच्याशिवाय नाही."

"अन् थे तयार झालीच नाही तं?"

"तर तुम्ही अन् वामनकाका, दोघं बसा इथं समुद्रकिनाऱ्यावर."

"अन् यायले जेवू कोण घालन?" इंदूबाईंनी विचारलं. खरी काळजी ती होती. नवऱ्याला कुकरची शिटी मोजता येत नव्हती.

"खिचडी शिकतील. तीही आपोआप शिजते. फक्त झाकण उघडून पाहायचं नसतं."

संक्रांतीला इंदूबाई गेल्या. जाताना त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि दूधवाल्याला सांगून ठेवलं की यांच्या घरातून जळल्याचा वास आला तर दार ठोठावा. नवा झिंगा वाळूवर पडला होता आणि नियमानुसार फुगत होता. पाणी पुन्हा दुधाळ झालं होतं. पुंजाजींनी खुर्ची टाकीसमोर ओढली होती आणि दोन्ही हात मांडीवर, एकमेकांत अडकवून ठेवले होते.

वामनराव आले, चहा स्वतःच करून घेतला आणि टाकीपुढं उभे राहिले. "काय हालत हाय हे. टाकून द्या ना थोडंसं, आता तं कोणी पाहूनही नाही राहिलं."

"नाही."

"काहून? भेव वाटते पोरीचं?"

"वाटते ना." पुंजाजींनी कपारीतल्या नळीकडे पाहिलं. तिच्यात जीव आहे की नाही, हे त्यांना अजूनही कळत नव्हतं. "पण त्यायची शिफ्ट चालू हाय, वामनराव. मधात गेलं की काम बिघडते."

"कोणाची शिफ्ट?"

"जंतूंची."

वामनरावांनी कप खाली ठेवला आणि मित्राकडे नीट निरखून पाहिलं, ताप वगैरे आहे की काय म्हणून. मग ते काचेकडे झुकले, तशी त्यांची सावली दगडांवर पसरली.

"बाजूले व्हा," पुंजाजी म्हणाले. "उजेड अडवून राहिले तुमी."